माई रविवारी ओरडत नाहीत

१

माईंच्या पाठीवर सात डाग होते. सगळ्यात मोठा तळहाताएवढा, खांद्याच्या पात्याखाली. बाकीचे कमरेपर्यंत उतरत गेलेले, आणि त्याशिवाय दोन्ही मांड्यांच्या मागची कातडी लाल होऊन सुटलेली. रोज ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने गाऊन खाली सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. अशा वेळी कुठे बघायचं, हे सव्वीस वर्षं नोकरी करूनही मला कळलेलं नाही.

माझं काम घरभेटीचं. म्हाताऱ्या माणसाला घरात त्रास होतोय अशी तक्रार आली की मी जाते, बघते, चार प्रश्न विचारते आणि संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म भरते. फॉर्मवर दोन चौकोन असतात: तक्रारीत तथ्य आहे, तथ्य नाही. पहिल्या चौकोनात खूण केली की प्रकरण पोलिसांकडे जातं आणि मी मोकळी होते. माणसाचं आयुष्य दोन चौकोनांत बसवणाऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

तक्रार सुनेविरुद्ध होती, आणि ती सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, वळणदार अक्षरात लिहिली होती. दीड वर्षापूर्वी माईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गेल्या चार महिन्यांपासून त्यांच्या पाठीवर जखमा उठताहेत. दवाखान्यात दोन आठवडे ठेवलं, तिथे सुकल्या. घरी आणून तीन दिवस होत नाहीत तर पुन्हा लाल. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला होता: 'भाजल्यासारख्या जखमा'. खाली आप्पांचं वाक्य होतं: 'सून माझ्या पत्नीस इस्त्रीने अथवा गरम पाण्याने भाजते.'

घर पहिल्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर लॉन्ड्री. सून लग्नाआधी त्याच लॉन्ड्रीत इस्त्री करायची. त्यामुळे घरच्यांना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं.

सुनेची सहा वर्षांची मुलगी आठवड्यापूर्वी आत्याकडे नेऊन ठेवली होती. मी पहिल्या चौकोनात खूण केली तर ती परत आईकडे येणार नाही, हे आप्पांनी मला दारातच सांगून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं मला तिथेच कळलं, आणि त्यामुळे काम सोपं होण्याऐवजी अवघड झालं.

२

खिडक्या बंद होत्या. उघडल्या की लॉन्ड्रीची वाफ आत येते, म्हणून त्या कायमच्याच बंद असतात, असं मुलाने सांगितलं. हा माईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा. घड्याळांच्या दुकानात कामाला. आत हवा अशी कोंदलेली की पाच मिनिटांत माझा चष्मा धुरकटला. भिंतींच्या कोपऱ्यांत ओल चढलेली.

"बाहेरच्या दाराला आतून कुलूप का?" मी विचारलं.

"ती पळून गेली तर?" तो म्हणाला. किल्ली त्याच्या खिशात होती. बायकोचा फोनही त्याच्याच खिशात होता.

"आणि सकाळी आईंचं सगळं कोण करतं? सिस्टर तर नऊला येतात."

तो जरा गडबडला. "तीच करते. दुसरं कोण करणार?"

म्हणजे संशयही तिच्यावर आणि कामही तिच्यावर. मी ते वहीत लिहून घेतलं, फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती तरी.

नणंद सोफ्याच्या कडेवर बसली होती, हातात मलमाची ट्यूब. ते मलम तीच आणायची. माझी पहिली नजर त्या ट्यूबवर गेली, खोटं कशाला बोलू? पण सिस्टरने सांगितलं की हेच मलम दवाखान्यातही लावत होते, आणि तिथे जखमा भरत होत्या. ट्यूब निर्दोष सुटली.

"मॅडम, एक गोष्ट तुम्हीच ठरवा," नणंद म्हणाली. "मी दर रविवारी दिवसभर इथे असते. दादाही घरी असतो. रविवारी आई ओरडत नाही. सोमवार ते शनिवार, अकरा वाजले की जीव तोडून ओरडते, आणि ओरडते कधी, तर ही इस्त्रीवाली तिला उचलायला गेली की. रविवारी चार माणसं बघत असतात ना, मग हिची हिंमत होत नाही. आणखी पुरावा काय पाहिजे?"

मी वहीत 'रविवार' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

३

सून स्वयंपाकघरात होती. तीस-बत्तीसची असेल. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूने पुरळ होतं. खाजवून खाजवून कातडी जाड झालेली.

"हे काय झालं?"

"माहीत नाही. हे म्हणतात, आईवर गरम पाणी ओततेस ते तुझ्याच हातावर उडतं." तिने बाह्या खाली ओढल्या. "आधी एक बाई यायच्या माईंचं करायला. त्यांनाही असंच उठलं होतं. त्या दुसऱ्या महिन्यात सोडून गेल्या. मी कुठे सोडून जाणार?"

"तुम्ही माईंना भाजलंत का?"

असा प्रश्न सरळ विचारायचा नसतो म्हणतात. मी विचारते. माणूस उत्तर काय देतो यापेक्षा आधी कुठे बघतो, ते मला बघायचं असतं. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "पण मला बघून त्या ओरडतात, मॅडम. सकाळी मी त्यांचं अंग पुसते, कपडे बदलते, तेव्हा चांगल्या असतात. वेणी घालताना तर डोळे मिटून घेतात. आणि अकराला खुर्चीत बसवायला उचललं की माझ्या खांद्याला नखं रुतवतात. रोज. आता मलाच वाटायला लागलंय, माझ्या हातून काहीतरी होत असेल आणि मलाच कळत नसेल. असं होतं का हो कोणाचं?"

मी वर बघितलं. फळीवर तिची चामड्याची पिशवी भरून ठेवलेली होती; बाहेर मुलीच्या फ्रॉकची बाही लोंबत होती. कधीतरी निघायचं म्हणून भरली असणार, आणि नंतर दाराला कुलूप लागलं असणार. पिशवीवर हिरवट लव आली होती, शिळ्या पावावर येते तशी.

तेवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. खालचे ड्रायर सुरू झाले होते. घड्याळात अकराला पाच मिनिटं कमी होती.

"चला," सून म्हणाली. "आता बघाच तुम्ही."

४

सगळे दाराशी येऊन उभे राहिले. सुनेने माईंच्या काखेत हात घातले, सिस्टरने पाय धरले. माई शांत होत्या, पलंगाच्या कडेपर्यंत शांत होत्या. मग सुनेने त्यांना वळवलं आणि त्या ओरडल्या. त्या आवाजात शब्द नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो. डाव्या हाताने त्यांनी सुनेचा खांदा असा पकडला की कापड टरकलं. खुर्चीत बसवल्यावरही त्या ओरडतच होत्या, आणि चांगल्या हाताने खुर्चीच्या हातावर थापा मारत होत्या.

"बघितलंत?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. "शब्द नाहीत तिच्याकडे. हिचा हात लागला की असं होतं."

इथे मी चुकले. मी पेन उघडलं. भरून ठेवलेली पिशवी, स्वतःच्याच हातांवरचा अविश्वास, डोळ्यांदेखत झालेला आक्रोश. एवढ्यावर माझ्या जागी कोणीही पहिल्या चौकोनात खूण केली असती. पण चष्मा पुन्हा धुरकटला होता आणि फॉर्म दिसेना. चष्मा पुसायला मी बाहेरच्या दारापाशी गेले.

दारापाशी चपलांचं कपाट होतं. मुलाच्या बुटांवर पांढरे ठिपके. खुंटीवरच्या पट्ट्यावर हिरवी लव. आप्पांच्या जुन्या चामडी बॅगेला तर दाढीच आली होती. या घरात चामडं म्हणून जे जे होतं, त्यावर बुरशी चढली होती.

मी वळून हॉलमध्ये बघितलं. सगळ्यात ओल्या कोपऱ्यात, खालून फरशीलगत गेलेल्या लॉन्ड्रीच्या गरम पाइपाच्या बरोबर वर, माईंची तपकिरी चामड्याची खुर्ची आरशासारखी चमकत होती.

५

"त्यांना आधी पलंगावर घ्या," मी म्हणाले. "आत्ता. सिस्टर, हातमोजे आहेत ना? आणि खिडक्या उघडा, वाफ आली तर येऊ दे."

माईंना आतल्या खोलीत नेलं. मुलगा कुरकुरत खिडकीची कडी काढायला लागला. पेंटने ती चिकटून बसली होती.

"ही खुर्ची कुठून आली?"

"आप्पांना निवृत्तीची भेट मिळाली," नणंद म्हणाली. "ते फर्निचरच्या गोदामात मुकादम होते. बाहेरून आलेला माल उतरवून घ्यायचा, तपासायचा, उसवला असेल तर शिवून द्यायचा. पाच महिने झाले."

"रोज कोण पुसतं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीच पुसत नव्हतं.

मी खाली वाकले. पाठीची आणि बसायची गादी खालच्या अंगाने शिवलेली होती. कारखान्याची शिवण मशीनची, एकसारखी. पण दोन्ही गाद्यांना वीतभर शिवण हाताची होती, मेण लावलेल्या दोऱ्याची, घट्ट आणि देखणी. जाणत्या हाताचं काम. सिस्टरच्या कात्रीने मी ती उसवली.

आतून कागदी पुड्या निघाल्या. बोटाएवढ्या, पांढऱ्या, चपट्या. मोजल्या तर चोवीस. एकही फाटलेली नव्हती, एकीचीही कड उसवलेली नव्हती. तरी जवळजवळ सगळ्या निम्म्याअधिक रिकाम्या. बंद पुडीतून माल बाहेर गेला होता, आणि सांडल्याची खूण कुठेच नव्हती.

"अहो, त्या साध्या पुड्या आहेत," आप्पा मागून म्हणाले. "ओल शोषणाऱ्या. नव्या बुटांच्या खोक्यात असतात ना, त्याच."

मी एक पुडी त्यांच्या कानाशी हलवली. "ओल शोषणाऱ्या पुडीत दाणे असतात, आप्पा. वाळूसारखा आवाज येतो. आणि ते दाणे कितीही दिवस ठेवले तरी उडून जात नाहीत. ही भुकटी आहे. आणि ती उडाली आहे."

आमच्या कार्यालयात परिपत्रक वाचायची पद्धत नाही. मी वाचते, कारण माझं टेबल नेमकं फळ्यासमोर आहे आणि दुसरं बघायला काही नाही. तीन वर्षांपूर्वी फळ्यावर एक कागद लागला होता. डायमिथाइल फ्युमरेट नावाची पांढरी भुकटी. चामड्याच्या मालाला बोटीच्या प्रवासात बुरशी लागू नये म्हणून तिच्या पुड्या खुर्च्यांत आणि बुटांत ठेवायचे. काम चोख करते, थोडीशी पुरते. ऊब लागली की तिची वाफ होते, ती चामड्यात भिनते आणि बुरशी धरू देत नाही. पण माणूस बसला तर तीच वाफ कपड्यातून कातडीत शिरते. लाली, खाज, भाजल्यासारखे फोड. कोणाच्या अंगावर ती किती उठेल याचा नेम नाही, आणि एकदा उठली की पुढच्या वेळी थोडीही पुरते. म्हणूनच घरगुती मालात ती वापरायला बंदी आली. याच द्रव्याच्या गोळ्या काही आजारांवर डॉक्टर देतातही, असं त्या कागदावर होतं. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं होतं.

"मग रविवार?" नणंदेने विचारलं. तिच्या आवाजातला जोर गेला होता.

"रविवारी लॉन्ड्री बंद असते," मी म्हणाले. "खुर्चीखालचा पाइप थंड असतो. तुम्ही बघत होतात म्हणून आई गप्प नव्हती. त्या दिवशी खुर्ची कमी पोळत होती, एवढंच; खाली ड्रायरची घरघर नसली की ती पोळत नाही, हे त्यांना कळलं होतं. दवाखान्यात खुर्ची नव्हती, म्हणून जखमा सुकल्या. कपड्यांवर इस्त्रीचा डाग नाही, गाऊन सिस्टरना कधी ओला सापडला नाही. आणि तुमच्या वहिनीच्या हातांना पुरळ कुठे आहे? आतल्या बाजूने. माईंना बसवताना जो भाग गादीला लागतो, तिथे. आधीच्या बाईंनाही तिथेच होतं."

"पण आई हिलाच बघून..."

"सकाळी हिनेच अंग पुसलं, वेणी घातली, तेव्हा ओरडल्या? त्या खुर्चीला बघून ओरडतात. त्या बाई गेल्यापासून तिथे नेणारे हात रोज हिचेच होते. दुसरं कोणी एक दिवस उचललं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

आता एकच गोष्ट राहिली होती. चोवीस पुड्या आपण होऊन गादीत शिरत नाहीत. मेणाचा दोरा, आकड्याची सुई, मुकादमाचा हात. मी वळले तेव्हा आप्पा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

६

"पहिल्याच महिन्यात खुर्चीवर बुरशी आली," आप्पा म्हणाले. ते कोणाला सांगत होते कोण जाणे. "पांढरी. पाठीकडून. मला वाटलं, माझी बायको या बुरशीत बसणार? शेवटच्या वर्षी साहेबांनी हुकूम काढला होता, प्रत्येक खुर्ची उसवा, पुड्या काढा, पोत्यात भरा. का ते सांगितलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती. चांगल्या कोऱ्या पुड्या, टाकवेनात. डबाभर घरी आणल्या. दुपारी ही झोपली होती, तेव्हा एकेक करून शिवल्या. बोटांची सालं गेली तेव्हा वाटलं, दोऱ्याने गेली."

"डबा कुठे आहे?"

"माळ्यावर."

सिस्टरने डबा खाली आणला, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला आणि बाहेर नेऊन ठेवला. खुर्ची मुलाने आणि मी जिन्यात ओढली.

"मॅडम, चूक माझी आहे," आप्पा म्हणाले. "माझ्या नावापुढे खूण करा."

"तसा चौकोन नाही," मी म्हणाले.

मग मी सुनेला बोलावलं. "एकदा माईंना उचलून त्या लाकडी खुर्चीत बसवाल? बाह्या खाली करून."

ती दाराशीच थबकली. "नको. त्या ओरडतील."

"ओरडल्या तर मी माझा शब्द मागे घेते."

तिने माईंच्या काखेत हात घातले. नुसत्या तर्कावर उभं राहायला मलाही भीती वाटते. पलंगाची कड आली. सुनेने माईंना वळवलं. माईंनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे फरशीवर चार पायांचे डाग राहिले होते. मग लाकडी खुर्चीकडे बघितलं. त्या बसल्या. खालच्या ड्रायरची घरघर ऐकू येत होती, आणि दुसरा कसलाही आवाज नव्हता.

माईंच्या डाव्या हाताने चाचपत सुनेची बाही शोधली, टरकलेली, आणि तिथेच धरून ठेवली. सून खाली बसली आणि माईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चार महिन्यांचं रडणं होतं ते. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मग झालं तर," नवरा म्हणाला. "गैरसमज होता. आता जेवायचं बघा."

सून उठली. तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "किल्ली," ती म्हणाली. "आणि फोन."

त्याने दोन्ही दिले.

"मुलीला मी संध्याकाळी आणून सोडते," नणंद पुटपुटली.

"नको, अक्का. मी जाते आणायला."

फळीवरून तिने पिशवी काढली. हिरवी लव हाताने झटकली, खांद्याला लावली. आप्पा वाटेत उभे होते.

"सूनबाई, परत येशील ना?"

"हे तुम्ही विचारताय, आप्पा?"

त्यांनी मान खाली घातली. ती त्यांना वळसा घालून पुढे गेली आणि माईंपाशी वाकली. "माई, चिमीला घेऊन येते," ती हळूच म्हणाली. "दोन तास लागतील. मग तुमची वेणी घालू."

कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. पहिल्या वळणाला ती थांबली. मला वाटलं काही विसरली. पण ती वर आली, दार बाहेरून ओढून बंद केलं, पुन्हा उघडलं, सताड, आणि तसंच ठेवून गेली.

मी टेबलाशी बसून दुसऱ्या चौकोनात खूण केली. कोपऱ्यात पुड्यांबद्दल लिहिलं, गोदामाबद्दल लिहिलं, डॉक्टरांना फोन केला. एवढ्यात आप्पांनी माईंसमोर स्टूल ओढलं आणि आपला हात त्यांच्या हातापुढे धरला, तळवा वर करून. सालं गेलेली बोटं आता भरून आली होती.

माईंनी तो हात बघितला. मग त्यांनी आपला चांगला हात उचलून मांडीवर, दुसऱ्या हातावर ठेवला, आणि उघड्या दाराकडे बघत बसल्या.